लिंबांचे वीस रुपये

"वीस रुपये पाठवले गं तिनं मला. लिंबांचे!"

सांगलीत आमच्या गल्लीतल्या कुंपणाच्या भिंती छातीएवढ्याच उंच, त्यामुळं इथं कुणाचा राग कुणापासून लपत नाही. काकू पलीकडून फोन माझ्या नाकासमोर नाचवत होत्या. मुलानं दसऱ्याला येऊन त्यांच्या फोनवर पैसे द्यायचं-घ्यायचं सगळं करून दिलंय. त्यात आजवर फक्त मुलाचे आणि भाचीचे पैसे आले होते. काल दिवेलागणीला कोपऱ्यावरच्या बंगलीत भाड्यानं आलेल्या सूनबाईंचे आले, खाली हात जोडलेलं चित्र. (गल्लीत नवी आलेली प्रत्येक तरुण बाई काकूंची सूनबाईच असते. तिला ते ठाऊक असतंच असं नाही.)

"आवाज जरा खाली घ्या, काकू. खिडकी उघडी आहे त्यांची."

"असू दे की. मी काय भाजीवाली आहे? अचानक पाहुणे आले, पोह्यावर पिळायला लिंबू नाही म्हणून पळत आली. मी काठी घेऊन झाडाखाली गेले, ह्या गुडघ्यानं. सहा काढून दिली. वर कढीपत्ता दिला. आणि अंधार पडायच्या आत पैसे! मंडईतसुद्धा इतक्या तातडीनं कुणी देत नाही."

"तिला वाटलं असेल, फुकट कसं घ्यायचं."

"शेजाऱ्याचं घेतलेलं फुकट असतं होय? अगं, ते नावावर पडतं माणसाच्या."

आयुष्यभर कॉलेजात मानसशास्त्र शिकवल्यावर जीभ शांत बसत नाही. म्हटलं, "काकू, तुम्हांला राग का आला, ह्याच्यावर अमेरिकेत प्रयोग झालाय. मार्गारेट क्लार्क आणि जडसन मिल्स म्हणून दोघं होते, १९७९ मध्ये. कॉलेजातली बिनलग्नाची पोरं घेतली. प्रत्येकाला सांगितलं, पलीकडच्या खोलीत एक बाई असंच कोडं सोडवतेय, तिचं अडलंय, तुझ्याकडची जास्तीची अक्षरं दे. पोरांनी दिली."

"दिसायला कशी होती?"

"चांगली. मुद्दाम चांगलीच निवडली होती."

"लग्न झालेली?"

"तुम्ही त्या प्रयोगशाळेत हव्या होतात. तीच तर खुबी! निम्म्या पोरांना कळू दिलं की तिचा नवरा तिला न्यायला येणार आहे. निम्म्यांना कळू दिलं की एकटी आहे, इथं नवीन आहे, ओळखी करून घ्यायच्यात. मग मदत घेतल्यावर तिनं काहींना नुसते आभार कळवले आणि काहींना आभाराबरोबर आपल्यातला एक गुण परत दिला."

"फेड केली म्हणायची."

"हां. जिथं नवरा न्यायला येणार होता, तिथं फेड करणारी जास्त आवडली. सभ्य बाई, कुणाचं ठेवून घेत नाही. पण जिथं ओळख वाढेल अशी पोरांना आशा होती, तिथं फेड करणारी कमी आवडली."

काकूंनी फोन पदराला पुसला. "आवडेलच कशी? तोंडावर दार लावल्यासारखंच झालं ते."

क्लार्क आणि मिल्स यांचं म्हणणं असं की माणसांची नाती दोन तऱ्हांनी चालतात. एका तऱ्हेत दिल्याघेतल्याचा हिशेब असतो. दुसरीत समोरच्याची गरज बघून द्यायचं असतं, आणि हिशेब मांडणं हाच अपमान. पंचाईत होते ती एक माणूस एका तऱ्हेनं वागत असताना दुसरा दुसऱ्या तऱ्हेत उभा असतो तेव्हा. मी हे शक्य तितकं सोपं करून सांगत होते, तर काकू मधेच म्हणाल्या,

"अगं, मग हे इर्जिक आणि पैराच की!"

काकूंचं माहेर कऱ्हाडच्या खाली, कृष्णाकाठी. तिकडं पैरा म्हणजे आज तुझे बैल आणि तू माझ्या रानात, उद्या माझे बैल आणि मी तुझ्या रानात. दिवस मोजलेले असतात. एक दिवस राहिला तर पुढच्या हंगामातही आठवण करून दिली जाते आणि त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. इर्जिक वेगळी. एखाद्याचं रान मागं पडलं, घरात आजारपण निघालं, की गाव बैल घेऊन येतं, दिवसभर नांगरून देतं आणि संध्याकाळी घरधन्याकडं पोटभर जेवून जातं. मजुरी विचारायची नाही, परतफेड विचारायची नाही.

"आमच्या आबांनी एकदा इर्जिकीला आलेल्या एका गड्याला दुसऱ्या दिवशी पैसे देऊ केले," काकू म्हणाल्या. "माणूस दोन वर्षं बोलला नाही आबांशी."

क्लार्कबाईंचा अख्खा लेख काकूंनी दोन बैलजोड्यांत उरकला. मी वर्गात हेच समजावायला दोन तास घ्यायची.

आता काकू काही आंधळेपणानं बाजू घेणाऱ्या नव्हेत. क्षणभर विचार करून त्यांनीच आडवा सवाल टाकला. "पण मग आहेराची वही? तिच्यात तर सगळ्यांचं मांडून ठेवतात. अमक्यांकडून एकशे एक, तमक्यांकडून साडी. त्यांच्याकडं कार्य निघालं की वही काढायची आणि वर थोडं घालून परत करायचं. सख्ख्या नात्यातसुद्धा."

सवाल खरा होता. मार्सेल मोस नावाच्या फ्रेंच अभ्यासकानं १९२५ साली देणगीवर एक मोठा निबंध लिहिला, त्यात हेच आहे: द्यावं लागतं, घ्यावं लागतं आणि परत करावं लागतं, तिन्ही बंधनंच. जगभरची उदाहरणं गोळा करताना त्यानं महाभारतातलं अनुशासनपर्वही सोडलं नाही. पण काकूंच्या सवालाला माझ्या मते नेमकं उत्तर दिलं ते पुढं पियेर बोर्दियू या दुसऱ्या फ्रेंच माणसानं. अल्जीरियातल्या कबाइल खेड्यांत राहून त्यानं पाहिलं की भेट आणि परतभेट यांच्यात मधे काळ जावा लागतो. लगेच परत केलं तर ती भेट नाकारल्यासारखी होते. आणि तीच वस्तू जशीच्या तशी परत केली तरीही तसंच. परत करायचं ते उशिरा, आणि वेगळं काहीतरी.

"मग त्या माणसाला आमची वाटी माहीत होती म्हण की."

होय, आपल्याकडं हे सांगायला फ्रेंच माणसाची गरज नव्हती. साखर आणलेली वाटी त्याच दिवशी साखर भरून परत नेणारी बाई फटकळ ठरते. वाटी आठवडाभर घरात राहते, आपल्याच भांड्यांत मिसळते, एकदोनदा तिच्यात चटणीही काढली जाते. मग कधीतरी घरात शेंगदाण्याचे लाडू होतात आणि दोन लाडू घालून ती परत जाते. रिकामी कधीच नाही. आता पलीकडच्या घराच्या नावावर दोन लाडू पडले. हा हिशेब कधीच शून्यावर येत नाही, आणि शून्यावर येऊ नये अशीच सगळी मांडणी आहे. आहेराची वहीसुद्धा बरोबरी करायला नसते. वर घातलेले अकरा रुपये पुढच्या कार्याचं आमंत्रण असतात. ज्यांनी पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापायला सुरुवात केली, त्यांचा हेतू चांगला होता हे मान्य. पण तेव्हापासून लग्नं जेवून निघून येण्यापुरतीच उरली, असं मला वाटतं.

"आणि परत न करणाऱ्यांचं काय?" काकूंचा आवाज एकदम चढला. "मागच्या गल्लीतल्या त्या बाई. माझा चकलीचा सोऱ्या नेलाय. पितळेचा. सासूबाईंचा. दोन दिवाळ्या झाल्या."

"मागा की."

"कसं मागू? मागितलं की वाईट दिसतं."

म्हणजे लगेच दिलं तरी राग, कधीच दिलं नाही तरी राग. आणि मधला मुहूर्त कुठं लिहून ठेवलेला नाही. तो अंगानं कळावा लागतो. एका गल्लीत वाढलेल्यांना तो कळतो, म्हणून ज्यांना कळत नाही ते उद्धट वाटतात. सूनबाईंचं बिंग इथंच फुटलं.

क्लार्कबाईंनीच १९८४ मध्ये आणखी एक गंमत केली होती. दोन-दोन जणांना मिळून एका कागदावरच्या आकड्यांच्या गर्दीतून ठरावीक आकडे शोधून गोल करायला सांगितलं, बक्षीस दोघांत वाटून मिळणार. पहिल्यानं एका रंगाच्या पेनानं खुणा केल्या. दुसऱ्यापुढं दोन रंगांची पेनं. दोघं अनोळखी असले तर दुसरा हटकून वेगळा रंग उचलायचा, म्हणजे कुणी किती शोधले ते दिसावं. दोस्त असले तर तसा आग्रह नसायचा. मला हा प्रयोग भारी आवडतो, कारण त्यात कुणाला काही विचारलेलंच नाही. नुसतं पेन कुठलं उचललं ते पाहिलं.

"नवराबायकोला बसवायला हवं होतं," काकू म्हणाल्या.

"त्यांचाही झालाय. वेगळ्यांनी केलाय. कॅनडातले रॉस आणि सिकोली, १९७९ मध्येच. नवऱ्याला आणि बायकोला वेगवेगळं बसवून विचारलं, घरातलं हे हे काम, त्यात तुझा वाटा किती? दोघांचे वाटे मिळवले तर बेरीज एका घराच्या कामापेक्षा जास्त."

"खोटं बोलला असणार नवरा."

"दोघंही खरंच बोलत होते, हीच तर गंमत आहे. आपण केलेलं आपल्याला आठवतं, कारण तिथं आपण असतो. दुसऱ्यानं केलेलं निम्मं दिसतच नाही. आणि नुसत्या चांगल्या कामांचं नाही हं. घरात भांडण कोण उकरून काढतं, असल्या गोष्टींतही माणसं स्वतःचा वाटा जास्तच सांगत होती."

"आमचे हे तसं कधी म्हणाले नसते," काकू म्हणाल्या, आणि हसायला लागल्या. काकांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्याशी भांडण अजून चालू आहे.

मला त्यांना सांगायचं होतं ते हेच की शेजारधर्माचा हिशेब मांडायला घेतला तर तो जुळणारच नाही. काकूंच्या लेखी त्या सगळ्या गल्लीला कढीपत्ता पुरवतात. माझ्या लेखी मी काकूंचे औषधांचे खोके वाचून देते, बँकेचे मेसेज वाचून देते, नळाचं पाणी आलं की हाक मारते. दोघींनी वह्या काढल्या तर दोघीही येणेकरी निघू. वही न काढणं हाच एक उपाय, आणि वही न काढायची तर सगळं थोडंथोडं नावावर राहू द्यायला हवं. सूनबाईंनी वीस रुपये पाठवून वही काढली, एवढाच त्यांचा गुन्हा.

"पण तिची बाजूही ऐका. परवा कपडे वाळत घालताना बोलत होती माझ्याशी. आधी बंगळुरात होते, चौदाव्या मजल्यावर. शेजारच्या दारावरचं नाव सोडून काही माहीत नव्हतं म्हणाली. लिंबू संपलं की फोनवर दाबायचं, दहा मिनिटांत पोरगा दारात. तुमच्या दारात येऊन लिंबू मागायला तिला किती जड गेलं असेल!"

"जड काय त्यात?"

"माणसाला मागणं जडच जातं. आणि दुसरा नाही म्हणेल ह्याची भीती असते, ती खरी निघते त्याहून जास्त. न्यूयॉर्कमध्ये फ्लिन आणि लेक यांनी २००८ मध्ये लोकांना बाहेर पाठवलं, अनोळखी माणसांकडून प्रश्नावली भरून आणायला. जायच्या आधी विचारलं, पाच जणांनी भरून द्यावी म्हणून किती जणांना विचारावं लागेल? लोक म्हणाले, वीसेक. प्रत्यक्षात दहाएक जणांतच काम झालं. फोन उसना मागण्याचंही तसंच. समोरच्याला नाही म्हणणं किती अवघड जातं, हे मागणाऱ्याच्या लक्षातच येत नाही."

काकू गप्प राहिल्या. गप्प राहिल्या म्हणजे पटलं असं नाही. पण त्यांनी फोन कमरेला खोचला.

मला तेवढ्यात फ्रँकलिन आठवला. बेंजामिन फ्रँकलिन, ज्याचा चेहरा शंभर डॉलरच्या नोटेवर असतो. अठराव्या शतकात फिलाडेल्फियात असताना तिथल्या सभेत एक श्रीमंत सभासद त्याच्या विरोधात बोलला. फ्रँकलिननं त्याची मनधरणी केली नाही की भेट पाठवली नाही. त्या गृहस्थाच्या घरी एक दुर्मीळ पुस्तक आहे असं कळल्यावर त्यानं चिठ्ठी पाठवली: काही दिवस वाचायला द्याल का? पुस्तक लगेच आलं. आठवड्याभरानं आभाराची चिठ्ठी जोडून ते परत गेलं. पुढच्या सभेत तो गृहस्थ आपणहून बोलायला आला आणि शेवटपर्यंत मित्र राहिला. ही गोष्ट फ्रँकलिननं आत्मचरित्रात लिहून ठेवलीय.

"म्हणजे ज्याच्याकडून घ्यायचं तोच आपल्याला चिकटतो?"

"तसंच काहीसं. १९६९ मध्ये जेकर आणि लँडी यांनी हे तपासलं. एका खेळात पोरांनी पैसे जिंकले. मग काहींना प्रयोग घेणाऱ्या माणसानंच बाजूला घेऊन विनंती केली, माझे स्वतःचे पैसे संपत आलेत, परत द्याल का? काहींना कार्यालयातल्या बाईंनी विचारलं, विभागाचा निधी कमी पडतोय, परत द्याल का? काहींना कुणीच काही विचारलं नाही. नंतर विचारलं, तो माणूस कसा वाटला? ज्यांच्याकडून त्यानं स्वतः परत मागितले, त्यांना तो सगळ्यांत जास्त आवडला."

"पैसे गेले आणि वर आवडला?"

"मन स्वतःलाच समजावतं. मी ह्याच्यासाठी हे केलं, म्हणजे माणूस बरा असणार. आणि कार्यालयानं मागितले होते त्यांना तो सगळ्यांत कमी आवडला. माणसानं माणसाकडं मागायला हवं. फंडासाठी पावती फाडून कुणाचं प्रेम वाढत नाही."

"गणपतीची वर्गणी," काकू म्हणाल्या.

ह्यातली बरीचशी विद्या अमेरिकन कॉलेजातल्या पोरांना दोन डॉलर देऊन जमवलेली आहे, हे मी विसरत नाही. सांगलीच्या गल्लीला ती तंतोतंत बसेलच असं नाही. पण एक अभ्यास मात्र मी कायम मनात धरून आहे, कारण तो खोलीत बसवून केलेला नव्हता. युद्धानंतर बॉस्टनजवळच्या एमआयटीनं लग्न झालेल्या विद्यार्थ्यांसाठी वेस्टगेट नावाची वसाहत बांधली. लिऑन फेस्टिंजर आणि त्याच्या सोबत्यांनी तिथल्या कुटुंबांना विचारलं, तुमचे मित्र कोण? अभ्यास छापून आला १९५० मध्ये. शेजारच्या दारातल्यांना जवळचे म्हणणारे ४१ टक्के. त्याच मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत १० टक्के. आणि शेजारशेजारच्या दारांमधलं अंतर जेमतेम पाच-सहा मीटर! जिन्याजवळ आणि टपालपेट्यांजवळ राहणाऱ्यांना वरच्या मजल्यावरचे मित्र जास्त. स्वभाव, आवडी, कूळ हे सगळं पुढचं. आधी येता-जाता तोंड दिसायला हवं.

"मग जवळ राहणारे सगळे गोड होतात म्हणतेस?"

"छे. पुढं १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात पाहिलं, तर ज्यांच्याशी पटत नाही तेही जवळच राहणारे निघाले. कुणाचा आवाज, कुणाचं कुत्रं."

"ते मला अभ्यासाशिवाय सांगता आलं असतं. बरं, पण आता ह्या वीस रुपयांचं काय करू? परत पाठवू?"

"अजिबात नको. परत पाठवलेत तर तिला वाटेल, चुकलंच काहीतरी. पुन्हा तुमच्या दारात यायची नाही. राहू देत. त्यापेक्षा तुम्ही तिच्याकडं काहीतरी मागा."

"मी? तिच्याकडं? तिच्या घरात लिंबू नाही, ती मला काय देणार?"

"तुमचा हयातीचा दाखला राहिलाय ना? नोव्हेंबर लागला. आता बँकेत जाऊन रांगेत बसायला नको, फोनवर चेहरा दाखवून होतो. मला ते जमत नाही, माझा फोन जुना आहे. तिचं दिवसभर कॉम्प्युटरवरच काम. जा आणि म्हणा, एवढं करून दे बाई."

काकूंनी खिडकीकडं पाहिलं. पंच्याहत्तरी ओलांडलेली बाई. गल्लीतल्या निम्म्या बाळंतिणींना हिनं डिंकाचे लाडू पुरवलेत, पण कुणाकडं काही मागायचं म्हटलं की हिचाही पाय निघत नाही.

"नाही म्हणाली तर?"

"वीसातले दहाएक तरी हो म्हणतात."

"तू आपली आकडे सांग." त्या दोन पावलं गेल्या, परत आल्या. "आणि झाल्यावर काय देऊ? बेसनाचे लाडू झालेत कालच."

"आज काही देऊ नका."

"रिकाम्या हातानं जाऊ?"

"रिकामीच जा. लाडू पुढच्या आठवड्यात."

"तोपर्यंत उरतील होय? चार वाजता तो तिचा नवरा बाहेर जातो, तेव्हा जाते." मग त्या भिंतीवर कोपर टेकून अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "बरं, ते राहू दे. तो रोज चार वाजता जातो कुठं गं? आणि नेहमी इस्त्रीच्याच शर्टात?"